युक्रेनचा भ्रष्टाचारविरोधी कायदा आणि युरोपच्या अटी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘युरोपची अट’ म्हणजे नेमकी कोणाची अट?

निदान तीन वेगवेगळ्या दारांमागून अटी येतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सरमिसळ होते.

पहिलं दार स्ट्रासबर्गच्या युरोप परिषदेचं. ही परिषद आणि युरोपीय संघ या दोन निराळ्या संस्था. परिषदेचा भ्रष्टाचारविषयक फौजदारी करार १९९९ मध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि २००२ मध्ये लागू झाला. तो पाळला जातो की नाही हे ‘ग्रेको’ नावाचा सदस्य देशांचा गट तपासतो. युक्रेन २००६ पासून त्यात आहे. हे तपासनीस देशोदेशी जाऊन अहवाल लिहितात, शिफारशी करतात आणि काही काळाने पुन्हा येऊन विचारतात, ‘मागच्या वेळी सांगितलं होतं, त्याचं काय झालं?’

दुसरं दार युरोपीय संघाचं. सभासद व्हायचं तर संघाचा सगळा कायदा आपल्या कायद्यात उतरवावा लागतो. त्याची ३० हून अधिक प्रकरणं सहा गटांत वाटलेली आहेत. भ्रष्टाचार येतो २३ व्या प्रकरणात, म्हणजे न्यायव्यवस्था आणि मूलभूत हक्कांच्या प्रकरणात. हे प्रकरण ‘मूलाधार’ गटात मोडतं. तो गट सर्वांत आधी उघडतो आणि सर्वांत शेवटी बंद होतो. मधल्या काळात इथे गाडी अडली, तर बाकीचीही अडतात.

तिसरं दार पैशांचं. युरोपीय संघाची मदत आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज हप्त्यांनी मिळतं आणि प्रत्येक हप्त्याला अटी जोडलेल्या असतात. प्रत्यक्षात सर्वांत लवकर हलतं ते याच दारामुळे.

युरोपीय संघाचा एकच भ्रष्टाचारविरोधी कायदा आहे का, जो जसाच्या तसा उचलता येईल?

उमेदवार देशांच्या सुधारणा झाल्या त्या सगळ्या काळात तसा एकसंध कायदा नव्हता. अधिकाऱ्यांच्या लाचखोरीवर १९९७ चा करार, खासगी क्षेत्रातल्या लाचेवर २००३ चा चौकट-निर्णय, संघाच्या पैशाच्या अपहारावर २०१७ चा निर्देश आणि जागल्यांच्या, म्हणजे आतून गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणावर २०१९ चा निर्देश, असे तुकडेच होते. हे सगळं एका ठिकाणी आणणारा मसुदा युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाने, मे २०२३ मध्ये मांडला.

त्यामुळे कायदा लिहिणाऱ्यांच्या हाती तयार नमुना नसतो. त्यांना तुलना तक्ता करावा लागतो. डाव्या रकान्यात निर्देशाचं कलम, मधल्या रकान्यात आपल्या कायद्याचं कलम आणि उजवीकडे ‘पूर्ण’, ‘अंशतः’ किंवा ‘नाही’. गडबड होते ती ‘अंशतः’मध्ये. कलम असतं, शिक्षाही असते, पण तपास करणाऱ्याकडून फाइल दुसरंच कोणी काढून घेऊ शकतं. तक्त्याला तसा रकाना नसतो, म्हणून ही गोष्ट निसटते.

युक्रेनमध्ये मग कोणकोणत्या संस्था उभ्या राहिल्या?

चार. हे चौघं कोण हे डोक्यात पक्कं बसलं की पुढचं सगळं सोपं जातं.

नाबू म्हणजे राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी ब्युरो. काम तपासाचं. कायदा १४ ऑक्टोबर २०१४ चा, प्रत्यक्ष संस्था २०१५ ची. मंत्री, खासदार, न्यायाधीश, सरकारी वकील, वरिष्ठ सनदी अधिकारी अशी बडी मंडळी तिच्या कक्षेत येतात. तलाठ्याने दोन हजार घेतल्यासारखी प्रकरणं तिच्याकडे जात नाहीत.

सापो हे विशेष सरकारी वकिलांचं कार्यालय, तेही २०१५ चं. नाबूच्या तपासावर कायदेशीर देखरेख ठेवायची आणि न्यायालयात खटला चालवायचा ही त्याची जबाबदारी. नाबूचं दोषारोपपत्र सापोच्या सहीशिवाय न्यायालयात पोचत नाही.

उच्च भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाचा कायदा २०१८ चा असून कामकाज ५ सप्टेंबर २०१९ ला सुरू झालं. अपिलाचं पीठही याच न्यायालयात आहे. त्यानंतर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात जातं.

चौथी नाझक, म्हणजे प्रतिबंधक संस्था. मालमत्तेची विवरणपत्रं, हितसंबंधांचा संघर्ष, पक्षांचे हिशेब आणि जागल्यांचं पोर्टल तिच्याकडे असतं. ती अटक करत नाही.

न्यायालय वेगळं कशाला? नेहमीची न्यायालयं होतीच की.

२०१५ ते २०१९ या चार वर्षांत याचं उत्तर मिळालं. नाबू तपास पूर्ण करून दोषारोपपत्र सादर करायचा आणि फाइल साध्या जिल्हा न्यायालयात जाऊन पडायची. न्यायाधीश स्वतःला वेगळं करून घ्यायचे, पीठ पूर्ण व्हायचं नाही, तारखेवर तारीख पडायची. साखळीतले दोन दुवे बदलून तिसरा जुनाच ठेवला की सगळा ताण तिसऱ्यावर येतो. नवं न्यायालय सुरू झाल्यावरच निकाल लागायला लागले.

आपल्याकडच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागासारखंच हे आहे का?

काम सारखं वाटलं तरी रचना वेगळी आहे. महाराष्ट्रातला विभाग राज्याच्या गृहखात्याखाली येतो आणि त्याची ओळख सापळ्यांसाठी. भारतीय कायद्यात २०१८ पासून कलम १७अ आलं. अधिकाऱ्याने पदाच्या कामात घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची, तर त्यामुळे सरकारची पूर्वपरवानगी लागते. युरोपीय तपासनीस नेमक्या अशाच दारावर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘चौकशी सुरू करायला कोणाची परवानगी लागते, आणि ती व्यक्ती कोणाच्या मर्जीने खुर्चीत बसली आहे?’

दुसरा फरक व्याप्तीचा. दोन खासगी कंपन्यांमधली लाच, म्हणजे खरेदी-व्यवस्थापकाने पुरवठादाराकडून घेतलेलं ‘कमिशन’, युरोप परिषदेच्या करारानुसार फौजदारी गुन्हा ठरवावा लागतो. तसंच ‘वजन वापरून काम करून देतो’ म्हणून पैसे घेणं हाही स्वतंत्र गुन्हा असावा लागतो.

प्रमुखांच्या निवडीत परदेशी तज्ज्ञ कसे काय बसतात? सार्वभौमत्वाचं काय?

सर्वाधिक वाद याच प्रश्नावर होतो, म्हणून जरा सविस्तर सांगायला हवं.

नाबूच्या संचालकाची निवड सहा जणांची समिती करते. तीन सदस्य मंत्रिमंडळाने ठरवलेले, तीन आंतरराष्ट्रीय भागीदारांनी सुचवलेले. उमेदवार निवडून यायला किमान चार मतं लागतात आणि त्यांत आंतरराष्ट्रीय सदस्यांची किमान दोन असावी लागतात. त्यामुळे सरकारला एकट्याने आपला माणूस बसवता येत नाही आणि परदेशी सदस्यांनाही एकट्याने कोणाला लादता येत नाही. नेमणुकीवरची अखेरची सही मंत्रिमंडळाचीच असते.

न्यायाधीशांच्या निवडीतही आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची परिषद असते. उमेदवाराच्या सचोटीबद्दल शंका आली तर ती हरकत घेते. मग तज्ज्ञ आणि निवड आयोगाचे सदस्य एकत्र बसून त्या उमेदवारावर मतदान करतात.

सार्वभौमत्वाची हरकत न्यायालयातही गेली, पण वेगळ्या वाटेने. पहिल्या संचालकाची नेमणूक राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने झाली होती. राष्ट्राध्यक्षांना राज्यघटनेने तो अधिकारच दिलेला नाही, असं घटना न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये सांगितलं. त्यावर २०२१ मध्ये कायदा बदलून नाबूला कार्यकारी विभागातला ‘विशेष दर्जा’ देण्यात आला आणि नेमणूक मंत्रिमंडळाकडे गेली. म्हणजे मूळ कायदा घाईत लिहिताना राहिलेली फट सहा वर्षांनी महागात पडली.

समिती असली म्हणून सगळं सुरळीत होतंच असं नाही. सापोचं प्रमुखपद ऑगस्ट २०२० मध्ये रिकामं झालं. डिसेंबर २०२१ मध्ये गुणांनुसार पहिला कोण हे सर्वांना कळलं होतं, तरी निकालावर शिक्कामोर्तब करायला समितीची बैठकच होत नव्हती. जून २०२२ मध्ये युक्रेनला उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. त्यासोबतच्या सात अटींपैकी एकीत हीच नेमणूक होती. जुलैच्या अखेरीस ओलेक्सांद्र क्लिमेंको यांची नेमणूक झाली. नाबूला संचालक म्हणून सेमेन क्रिव्होनोस मार्च २०२३ मध्ये मिळाले. पद रिकामं ठेवणं हे कायदा न बदलता संस्था लंगडी करण्याचं सर्वांत स्वस्त हत्यार आहे. म्हणून कायद्यात प्रमुख नसताना काम कोण पाहणार आणि निवड किती दिवसांत व्हायची, हे दोन्ही लिहून ठेवावं लागतं.

मालमत्तेच्या विवरणपत्रात नेमकं काय भरावं लागतं?

दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. यंत्रणा सप्टेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. जून २०१७ मध्ये युक्रेनी नागरिकांना व्हिसाशिवाय युरोपप्रवास खुला झाला, त्याच्या अटींत हीही एक होती.

फॉर्ममध्ये जमीन, घर, अर्धवट बांधकाम, वाहनं (किंमत कितीही असो), शेअर, कंपनीतला खरा मालकी हक्क, आभासी चलन, बँक खाती, कर्जं आणि उत्पन्न या सगळ्यांचे रकाने असतात. मोजमापाचं एकक म्हणजे काम करू शकणाऱ्या व्यक्तीची ‘निर्वाह किमान’ रक्कम. २०२५ मध्ये ती ३,०२८ रिव्निया (युक्रेनचं चलन) होती. हातातली रोकड आणि पैशांच्या स्वरूपातली इतर मालमत्ता ५० पटींच्या, म्हणजे १,५१,४०० रिव्नियांच्या वर गेली की दाखवायची. दागिने, चित्रं, घड्याळं अशी एकेक मौल्यवान वस्तू १०० पटींच्या, म्हणजे ३,०२,८०० रिव्नियांच्या वर असेल तर तीही.

गोची होते ती कुटुंबाच्या आणि वापराच्या रकान्यात. पती किंवा पत्नी आणि अल्पवयीन मुलं एकत्र राहत असोत वा नसोत, त्यांचं दाखवावंच लागतं. घर सासूच्या नावावर असलं, पण ३१ डिसेंबरला किंवा वर्षातले निम्मे दिवस ते तुमच्या वापरात असलं, तर तेही फॉर्ममध्ये येतं. ‘गाडी माझी नाही, मेव्हण्याची आहे’ हे आपल्याकडचं परिचित उत्तर तिथेही दिलं जातं. मालकाइतकाच ताबा चालवत असाल, तर ते उत्तर फॉर्मपुरतं पुरत नाही.

खोटं भरलं तर?

लपवलेल्या रकमेवर अवलंबून आहे. लहान रकमेला शिस्तभंगाची कारवाई. त्याहून मोठ्या रकमेला प्रशासकीय दंड. रक्कम निर्वाह किमानाच्या कित्येकशे पटींच्या वर गेली तर फौजदारी गुन्हा. उदाहरणार्थ, महागडा फ्लॅट दाखवला नाही तर गुन्हा होतो, अडीच लाखांची रक्कम राहून गेली तर नाही. गुन्ह्यासाठी हेतुपुरस्सर खोटं भरल्याचं सिद्ध करावं लागतं. तपास बऱ्याचदा इथेच अडतो, कारण ‘किंमत ठाऊक नव्हती’ हा बचाव सहज उपलब्ध असतो.

युद्ध सुरू झाल्यावर विवरणपत्रं थांबवली होती ना?

हो. २०२२ च्या आक्रमणानंतर ती भरणं ऐच्छिक झालं आणि नोंदवही लोकांसाठी बंद करण्यात आली. तेव्हा सुरक्षेचं कारण खरंही होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेने, म्हणजे रादाने, सक्ती परत आणली, पण नोंदवही आणखी एक वर्ष बंद ठेवायची सोयही करून घेतली. त्याविरुद्धच्या याचिकेवर ८० हजारांहून अधिक सह्या जमल्या. राष्ट्राध्यक्षांनी १२ सप्टेंबरला विधेयक परत पाठवलं आणि २० तारखेला खुल्या नोंदवहीसह नवा मजकूर मंजूर झाला. २०२१ आणि २०२२ ची राहिलेली विवरणपत्रं भरायला ३१ जानेवारी २०२४ ही मुदत दिली गेली.

अपसंपदेचा कायदा एकदा रद्द झाला होता, तो का?

फेब्रुवारी २०१९ मध्ये घटना न्यायालयाने बेकायदा संपत्तीवाढीचं कलम ३६८-२ रद्द केलं. उत्पन्नाचा कायदेशीर स्रोत दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो आणि त्यामुळे निर्दोषत्वाचं गृहीतक मोडतं, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. परिणाम ताबडतोब झाला. कलमच उरलं नाही म्हणून चालू प्रकरणं बंद पडली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नवा कायदा आला, तोही दोन पायांवर. एक फौजदारी कलम, ३६८-५, ज्यात सिद्ध करण्याचा भार सरकारी पक्षावर आहे आणि मालमत्ता व कायदेशीर उत्पन्न यांतल्या तफावतीची रक्कम बरीच मोठी लागते. दुसरी दिवाणी जप्ती. तफावत निर्वाह किमानाच्या ५०० पटींहून जास्त, पण फौजदारी रेषेच्या खाली असेल, तर सापोचा वकील भ्रष्टाचारविरोधी न्यायालयात दावा लावतो. तुरुंगवास नसल्याने ‘कोणाचा पुरावा अधिक पटतो’ एवढंच पाहिलं जातं. शिक्षेची हाव कमी केल्याने पुराव्याची पातळी खाली आणता आली, ही या दुरुस्तीतली खरी चतुराई.

आणि २०२० मध्ये काय झालं?

२७ ऑक्टोबर २०२० ला घटना न्यायालयाने नाझकचे विवरणपत्रं तपासण्याचे मुख्य अधिकार आणि खोट्या विवरणपत्राबद्दलचं फौजदारी कलम दोन्ही रद्द केलं. नोंदवही काही काळ बंदही पडली. डिसेंबरमध्ये रादाने कलमं परत आणली, पण शिक्षा सौम्य ठेवून. मग २०२१ मध्ये त्या पुन्हा कडक कराव्या लागल्या. फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही. म्हणून मधल्या काळात सुटलेली प्रकरणं सुटली ती सुटलीच.

जुलै २०२५ मध्ये लोक रस्त्यावर का उतरले?

विधेयक क्रमांक १२४१४. मुळात ते युद्धकाळात बेपत्ता झालेल्यांविषयीच्या गुन्ह्यांच्या तपासप्रक्रियेबद्दल होतं. दुसऱ्या वाचनाच्या वेळी त्यात वेगळ्याच दुरुस्त्या घुसवल्या गेल्या. २२ जुलैला २६३ मतांनी ते मंजूर झालं आणि त्याच दिवशी त्यावर सहीही झाली.

त्यात एकही शिक्षा कमी केलेली नव्हती, एकही गुन्हा रद्द केलेला नव्हता. फक्त महाअभियोक्त्याला, म्हणजे राजकीय नेमणुकीच्या सर्वोच्च सरकारी वकिलाला, चार गोष्टी करता येणार होत्या. नाबूची कोणतीही फाइल मागवणं, ती दुसऱ्या यंत्रणेकडे देणं, नाबूला बंधनकारक सूचना देणं आणि सापोच्या अधिकारांना वळसा घालून बड्या लोकांची प्रकरणं बंद करणं. कागदावर संस्था होत्या तशाच राहिल्या, चावी मात्र दुसऱ्याच्या खिशात गेली.

कीव्ह, ल्विव, दनिप्रो, ओदेसा या शहरांत युद्ध सुरू झाल्यापासूनची पहिली मोठी निदर्शनं झाली. ब्रसेल्सहूनही तीव्र प्रतिक्रिया आली. ३१ जुलैला, म्हणजे नवव्या दिवशी, ३३१ मतांनी दुसरा कायदा करून स्वायत्तता परत देण्यात आली.

कायदे नीट असूनही खटले का ढेपाळतात?

मुख्यतः घड्याळामुळे. २०१७ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘लोझोव्ही दुरुस्त्या’ आल्या. त्यांनी तपासाला कडक मुदती घातल्या. मुदत एका दिवसानेही चुकली तर न्यायालय प्रकरण बंद करू शकतं, मग पुरावा कितीही भक्कम असो. मोठ्या आर्थिक गुन्ह्यात परदेशी बँकेकडून कागद मागवायलाच महिनोन् महिने जातात.

दुसरी अडचण तज्ज्ञ-अहवालाची. नुकसान किती झालं हे अधिकृत न्यायवैद्यक तज्ज्ञाने ठरवावं लागतं आणि हे तज्ज्ञ दुसऱ्या मंत्रालयांच्या संस्थांत बसतात. तिथली रांग नाबूच्या हातात नाही. फोन टॅपिंगचंही तसंच. स्वतः टॅप करण्याचा अधिकार नाबूला २०१९ च्या कायद्याने मिळाला, पण तांत्रिक जोडणी देशाच्या सुरक्षा सेवेच्या, म्हणजे गुप्तचर खात्याच्या, यंत्रणेतूनच जात राहिली. ज्यांच्यावर कधीतरी पाळत ठेवावी लागेल, त्यांच्याकडेच तार मागायची!

मनुष्यबळाचा प्रश्न त्या मानाने सोपा होता. डिसेंबर २०२३ च्या कायद्याने नाबूची कर्मचारी-मर्यादा ७०० वरून १,००० वर नेली.

जागल्यांसाठी संघाचा निर्देश काय सांगतो?

५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत तक्रारीची अंतर्गत वाट हवी. तक्रार मिळाल्याची पोच ७ दिवसांत आणि पुढे काय केलं याचं उत्तर ३ महिन्यांत द्यावं लागतं. तक्रारदाराने आधी साहेबाकडेच जावं अशी सक्ती नाही, तो थेट बाहेरच्या प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. त्याला कामावरून काढलं तर ते सूड म्हणून नव्हतं, हे मालकाने सिद्ध करायचं असतं.

पुण्यात वा मुंबईत युरोपीय कंपनीच्या शाखेत काम करणाऱ्यांना ‘स्पीक-अप’ पोर्टलचा ईमेल येतो, त्यामागे बऱ्याचदा हाच निर्देश असतो. मात्र त्याचं कायदेशीर संरक्षण भारतातल्या नोकरीला आपोआप लागू होत नाही.

युक्रेनने एक पाऊल पुढे टाकलं. २०१९ च्या दुरुस्तीने मोठ्या प्रकरणात जागल्याला रकमेच्या १० टक्के बक्षीस ठेवलं, कमाल ३,००० किमान वेतनांइतकं. निर्देशात बक्षिसाची अट नाही. तक्रारींचं एकत्रित पोर्टल सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं.

सभासद देशांनी तरी हे वेळेत केलं का?

नाही. निर्देश कायद्यात उतरवायची मुदत १७ डिसेंबर २०२१ होती. मार्च २०२५ मध्ये संघाच्या न्यायालयाने पाच देशांना दंड केला आणि त्यांत जर्मनीला तब्बल ३ कोटी ४० लाख युरो. पोलंडला त्याआधी, एप्रिल २०२४ मध्ये, ७० लाख युरो आणि वर प्रत्येक दिवसाच्या उशिराला ४० हजार.

अट पाळली नाही तर पैसे खरंच कापतात?

कापतात. युक्रेनसाठी संघाची २०२४ ते २०२७ ची योजना एकूण ५० अब्ज युरोंची आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात एका हप्त्यासाठी १६ टप्पे पूर्ण करायचे होते, त्यांतले ३ राहिले. साडेचार अब्जांच्या जागी सुमारे ३ अब्जच मिळणार असं आयोगाने सांगितलं. राहिलेल्यांपैकी एक होता भ्रष्टाचारविरोधी न्यायालयातल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांचा. ही कपात आणि २२ जुलैचा कायदा एकाच आठवड्यात बातम्यांत आले, म्हणून अनेकांनी दोन्हींची सांगड घातली, पण कपात आधीच राहिलेल्या कामांची होती.

सभासद झाल्यावर मागे फिरता येतं का?

येतं, आणि तेव्हा आवरणं जास्त कठीण जातं. रुमानिया २००७ मध्ये सभासद झाला. तिथल्या सरकारने ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री एक तातडीचा वटहुकूम काढला. पदाचा गैरवापर करून २ लाख लेईंपेक्षा कमी नुकसान झालं तर तो गुन्हाच धरायचा नाही, असं त्यात होतं. लाखो लोक थंडीत रस्त्यावर उतरले आणि ५ फेब्रुवारीला तो मागे घेतला गेला. स्लोव्हाकियाने तर मार्च २०२४ मध्ये विशेष सरकारी वकिलांचं कार्यालयच बंद केलं. म्हणून उमेदवारीच्या काळातच आयोग एवढा हट्टी असतो.

एवढं करूनही युक्रेनमध्ये घोटाळे निघतातच. मग उपयोग काय झाला?

१० नोव्हेंबर २०२५ ला नाबूने सरकारी अणुऊर्जा कंपनीच्या कंत्राटांबाबतचा तपास जाहीर केला. पुरवठादारांकडून कंत्राटाच्या १० ते १५ टक्के रक्कम उकळली जात होती, असा आरोप आहे. त्याच महिन्यात दोन मंत्र्यांची पदं गेली. आरोप सिद्ध व्हायचे आहेत. पण चार महिन्यांपूर्वीचा जुलैचा कायदा टिकला असता, तर ही फाइल कोणाच्या टेबलावर असती हे ज्याने त्याने ताडावं.

पुढचं विधेयक आलं की आधी काय वाचायचं?

शीर्षकावर विसंबू नका. रादाच्या संकेतस्थळावर दुसऱ्या वाचनाआधीचा तुलना तक्ता असतो, तो उघडा आणि तीन शब्द शोधा : ‘प्रादेशिक व विषयवार अधिकारकक्षा’, ‘महाअभियोक्ता’, ‘मुदत’. कक्षेबद्दलचं कलम २१६ आणि प्रकरण बंद करण्याबद्दलचं कलम २८४ ही फौजदारी प्रक्रिया संहितेतली दोन कलमं आधी पाहा. शिक्षेची कलमं सावकाश वाचली तरी चालतील. आणि तक्ता मतदानाच्या दिवशी सकाळीच चढवलेला दिसला, तर तो शेवटच्या पानापर्यंत वाचा.